उष्ण, थंड आणि चौथी पायरी : अरबी वैद्यकातील औषधी वनस्पती

पपई उष्ण आणि सब्जा थंड, हे मराठी घरात कुणाला शिकवावे लागत नाही. त्यामुळे अरबी वैद्यकाचे मूळ गृहीतक आपल्याला फारसे परके वाटत नाही. माणसाच्या शरीराला, हवेला, अन्नाला आणि औषधाला आपापली प्रकृती असते, शरीराच्या प्रकृतीचा तोल ढळला की माणूस आजारी पडतो, आणि विरुद्ध प्रकृतीच्या द्रव्याने तो तोल सावरता येतो, असे ते गृहीतक आहे. मात्र एवढ्या साम्यावर समाधान मानून थांबले, तर अरबी वैद्यांनी त्यापुढे जे केले ते नजरेतून सुटते. उष्ण म्हणजे नेमके किती उष्ण, ते ठरवायचे कसे, चार द्रव्ये एकत्र कुटली तर उष्णतेचे काय होते, आणि बाजारात मिळालेली मुळी ग्रंथात सांगितलेलीच आहे याची खात्री कोणी द्यायची, या प्रश्नांवर त्यांनी नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत नेटाने काम केले. त्यांची काही उत्तरे आज टिकत नाहीत. प्रश्न मात्र औषधनिर्मितीच्या कोणत्याही प्रयोगशाळेत आजही तेच असतात.

‘अरबी’ हे विशेषण येथे भाषेपुरते घ्यायचे आहे. ग्रीक वैद्यकग्रंथ अरबीत आणण्याच्या कामाचा आधारस्तंभ असलेला बगदादचा हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती होता, इब्न सिना बुखाऱ्याजवळ जन्मलेला आणि फारसी बोलणारा होता, कैरोत १२६० मध्ये औषधविक्रेत्यांसाठी प्रसिद्ध मार्गदर्शिका लिहिणारा अल-कोहीन अल-अत्तार ज्यू होता, आणि वनस्पतींचा सर्वांत मोठा संग्राहक इब्न अल-बैतार स्पेनमधील मालागाचा होता. या सर्वांनी लिहिले अरबीत. त्यांच्यापुढे पहिले भांडवल होते ते डायोस्कोरिडीस या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्याच्या द्रव्यगुणग्रंथाचे, ज्यात सुमारे ६०० वनस्पतींची माहिती होती. त्याचे भाषांतर नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान इब्न बासील याने केले आणि हुनैनने ते तपासले. पण भांडवल एकट्या ग्रीकांचे नव्हते. खलिफा हारून अल-रशीदच्या काळात याह्या बरमकी या वजिराने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत करवून घेतला, आणि ८५० च्या सुमारास अली अल-तबरीने आपल्या वैद्यकग्रंथात भारतीय वैद्यकासाठी स्वतंत्र विभाग राखून ठेवला. आपले हिरडा, बेहडा आणि आवळा अरबी ग्रंथांत हलीलज, बलीलज आणि अमलज होऊन वावरतात, आणि त्यांच्यापासून केलेले इत्रीफल म्हणजे आपल्या त्रिफळ्याचाच अरबी अवतार आहे.

आता मूळ चौकटीकडे वळू. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात. रक्त उष्ण व ओले, कफ थंड व ओला, पिवळे पित्त उष्ण व कोरडे, आणि काळे पित्त थंड व कोरडे मानलेले आहे. प्रत्येक माणसात या चारांचे प्रमाण वेगळे असते आणि त्यातून त्याची ‘मिजाज’, म्हणजे प्रकृती, ठरते. औषधालाही उष्ण-थंड आणि कोरडे-ओले अशा दोन जोड्यांतून गुण मिळतात. येथपर्यंतचा विचार ग्रीक वैद्य गॅलेनचा. त्यानेच प्रत्येक गुणाला चार पायऱ्या कल्पिल्या होत्या आणि अरबी वैद्यांनी त्या पायऱ्या रोजच्या व्यवहारात आणल्या. पहिल्या पायरीच्या औषधाचा परिणाम जेमतेम असतो, तो सहज जाणवतही नाही. दुसऱ्या पायरीचा परिणाम जाणवतो, पण त्याने अपाय होत नाही. तिसऱ्या पायरीचे औषध अपाय करू शकते, मात्र जीव घेत नाही. चौथ्या पायरीचे औषध मात्रा चुकली तर जीव घेते. बाबुण्याची फुले पहिल्या पायरीत उष्ण व कोरडी, कलौंजी तिसऱ्या पायरीत उष्ण व कोरडी, आणि अफू चौथ्या पायरीत थंड, अशी ही मांडणी आहे. अफूला ‘थंड’ म्हणण्यामागचे कारण उघड आहे: ती वेदना मारते, गुंगी आणते आणि अखेर श्वास थांबवते. थोडक्यात, पायरी ही औषधाच्या स्वभावाबरोबरच त्याच्या धोक्याचीही मोजणी होती. आजच्या औषधशास्त्रात उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातले अंतर पाहतात, त्या विचाराची ही जुनी आणि ओबडधोबड आवृत्ती म्हणता येईल.

एकेका औषधाची पायरी ठरली तरी वैद्य एकेरी औषध क्वचितच देत असत. मग मिश्रणाची पायरी कशी काढायची? नवव्या शतकातील बगदादचा तत्त्वज्ञ आणि गणिती अल-किंदी याने यासाठी हिशेबाची रीत बसवली. त्याचे म्हणणे असे की पायरी एकाने चढली की गुणाचे बळ दुपटीने वाढते. उष्ण आणि थंड भाग सारखे असतील तर औषध समशीतोष्ण. उष्ण भाग थंड भागाच्या दुप्पट असतील तर पहिली पायरी, चौपट असतील तर दुसरी, आठपट असतील तर तिसरी आणि सोळापट असतील तर चौथी. त्याने दिलेले उदाहरण मराठी वाचकाला स्वयंपाकघरातून उचलल्यासारखे वाटेल. वेलदोडा १ भाग, साखर २ भाग, नीळ १ भाग आणि आवळा २ भाग घ्यायचे. यांतील उष्णतेचे अंश अनुक्रमे १, २, अर्धा आणि १ धरले आहेत, म्हणजे एकूण साडेचार. थंडपणाचे अंश अर्धा, १, १ आणि २, म्हणजे तेही साडेचार. तेव्हा मिश्रण उष्णही नाही आणि थंडही नाही. कोरडेपणाचे अंश मात्र ६ भरतात आणि ओलेपणाचे ३, म्हणजे दुप्पट. म्हणून हे मिश्रण पहिल्या पायरीत कोरडे ठरते. वेलदोड्यात उष्णतेचा १ अंश आहे हे मोजण्याचे कोणतेही साधन अल-किंदीपाशी नव्हते, आणि त्यामुळे हा सगळा हिशेब हवेत उभा होता, हे मान्यच केले पाहिजे. तरीही औषधाचे प्रमाण आणि त्याचा परिणाम यांच्यात गणिती नाते असावे, आणि ते सरळ रेषेत वाढणारे नसावे, ही कल्पना एवढ्या लवकर कुणाला सुचावी याचे मला नवल वाटते.

मोजण्याचे साधन नाही म्हटल्यावर उरतो तो अनुभव, आणि अनुभवावर विश्वास ठेवायचा तर त्याला शिस्त हवी. ही शिस्त इब्न सिनाने (९८०–१०३७) सांगितली. त्याचा ‘कानून’ हा वैद्यकग्रंथ १०२५ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या पाच भागांपैकी दुसरा भाग एकेरी औषधांचा आहे आणि त्याच्या सुरुवातीलाच औषध पारखण्याचे सात नियम दिलेले आहेत. औषधात बाहेरून आलेला गुण नसावा, म्हणजे चुलीवर तापवलेले पाणी प्यायला देऊन ‘पाणी उष्ण आहे’ असा निष्कर्ष काढू नये. ज्याच्यावर पारखायचे तो आजार एकच असावा, दोन आजारांची गुंतागुंत नसावी. औषध परस्परविरुद्ध प्रकृतीच्या आजारांवर देऊन पाहावे, कारण कधीकधी ते स्वतःच्या गुणाने नव्हे तर योगायोगाने उपयोगी पडलेले असते. औषधाचे बळ आजाराच्या बळाला साजेसे असावे आणि सुरुवात सौम्य मात्रेने करावी. परिणाम किती वेळाने दिसतो याकडे लक्ष ठेवावे. तो पुनःपुन्हा दिसला पाहिजे, एकदा दिसून भागत नाही. आणि शेवटचा नियम असा की पारख माणसावरच व्हावी, कारण माणसाच्या शरीराच्या मानाने उष्ण असलेले औषध सिंहाच्या किंवा घोड्याच्या शरीराच्या मानाने थंड ठरू शकते.

या नियमांना आधुनिक औषधचाचणीचे मूळ म्हणून मिरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. औषध न दिलेल्या रुग्णांचा गट येथे नाही, रुग्णांची मोजदाद नाही, आणि मुख्य म्हणजे इब्न सिनाला शोधायचे होते ते औषध गुणकारी आहे की नाही हे नव्हे, तर त्याची प्रकृती कोणती आहे हे. पण एका रुग्णाला बरे वाटले म्हणून औषध सिद्ध होत नाही, एवढे तरी त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले होते, आणि समाजमाध्यमांवर फिरणारे घरगुती उपायांचे संदेश वाचताना ते आजही आठवते.

सर्वांत किचकट अडचण मात्र वेगळीच होती. ग्रंथ ग्रीसचा, वैद्य बगदादचा आणि झाड तिसऱ्याच देशाचे. बगदादच्या भाषांतरकारांना ज्या वनस्पतींना अरबी नाव सापडले नाही, त्यांची ग्रीक नावे त्यांनी तशीच अरबी लिपीत उतरवली. वाचणाऱ्याला नाव वाचता येई, पण ते कोणत्या झुडपाचे हे कळत नसे. दहाव्या शतकाच्या मध्याला कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने स्पेनमधील कोर्दोबाच्या खलिफाला, तिसऱ्या अब्द अल-रहमानला, डायोस्कोरिडीसची एक सचित्र ग्रीक प्रत भेट म्हणून पाठवली. कोर्दोबात ग्रीक जाणणारे कोणी नव्हते, म्हणून ९५१ मध्ये निकोलस नावाचा भिक्षू बोलावण्यात आला. हा ख्रिस्ती भिक्षू, हसदाई इब्न शप्रुत हा दरबारातील ज्यू वैद्य आणि काही मुस्लिम वैद्य एकत्र बसले, चित्र आणि वर्णन पुढे ठेवून एकेक वनस्पती स्पेनच्या मातीत शोधू लागले, आणि अडलेल्या बहुतेक नावांचा उलगडा त्यांनी केला.

हेच काम इब्न अल-बैतारने तेराव्या शतकात कळसाला नेले. स्पेन सोडून तो उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने पूर्वेकडे गेला, आणि इजिप्तच्या अल-कामिल या सुलतानाच्या पदरी प्रमुख वनौषधीतज्ज्ञ म्हणून राहिला. त्याच्या कोशात सुमारे १४०० एकेरी औषधे वर्णानुक्रमे दिलेली आहेत आणि जवळजवळ प्रत्येक विधान कोणाचे हे सांगितलेले आहे. त्याचा शिष्य इब्न अबी उसैबिआ दमास्कसच्या परिसरात त्याच्याबरोबर वनस्पती पाहत हिंडे. गुरुजी आधी वनस्पतीचे ग्रीक नाव सांगत, मग डायोस्कोरिडीस काय म्हणतो, गॅलेन काय म्हणतो, नंतरच्यांनी कोठे चूक केली हे सांगत, आणि ती नोंद ग्रंथाच्या कोणत्या भागात कितव्या क्रमांकावर आहे हेही तोंडपाठ सांगत, असे त्याने लिहून ठेवले आहे. इब्न अल-बैतार १२४८ मध्ये दमास्कसला वारला.

झाड ओळखता आले तरी पुडीत काय आहे हा प्रश्न उरतोच. काष्ठौषधी विकणाऱ्याला अरबीत अत्तार म्हणतात, आणि त्याच्या दुकानावर बाजाराच्या सरकारी निरीक्षकाची नजर असे. बाराव्या शतकात सीरियात लिहिलेल्या अशा निरीक्षकांच्या मार्गदर्शिकेत भेसळ ओळखण्याच्या युक्त्या दिल्या आहेत. अफूत पिवळ्या फुलांच्या एका खसखसवर्गीय वनस्पतीचा रस मिसळला असेल, तर पाण्यात विरघळवल्यावर केशरासारखा वास येतो. रानटी लेट्यूसचा रस मिसळला असेल तर वास मंद होतो आणि अफू खरखरीत लागते.

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे आहे असे वाटत असेल, तर सोळाव्या शतकातील गोवा आणि अहमदनगर आठवावे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. त्यात इब्न सिना आणि इतर अरबी वैद्य पानोपानी येतात, कधी प्रमाण म्हणून तर कधी दुरुस्त करण्यासाठी. ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे उपचारांसाठी जात असे आणि तेथील दरबारी हकिमांशी त्याच्या चर्चा होत. निजामशहाने आपल्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि आपण त्याला लॅटिन नावे शिकवली, असे ओर्ता सांगतो. कोर्दोबात सुरू झालेले नावे जुळवण्याचे काम त्या वेळी अहमदनगरात चालू होते.

औषध देण्याच्या पद्धतीतही विचार होता. जवळजवळ प्रत्येक कडक औषधाबरोबर त्याचा अपाय कमी करणारे दुसरे द्रव्य सांगितलेले असे, त्याला ‘मुस्लिह’ म्हणतात. आणि औषध मिळाले नाही तर त्याऐवजी काय वापरावे याच्या स्वतंत्र याद्या असत. सोनामुखीचे उदाहरण घेऊ. सना मक्की या नावाने अरबस्तानातून जगभर गेलेले हे झुडूप सुदान, इजिप्त आणि अरबस्तानात वाढते, आणि तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या भागात त्याची शेती होते. युरोपला हे रेचक अरबी वैद्यांमुळेच माहीत झाले. पानांतील सेनोसाइड ही द्रव्ये पोटात आणि लहान आतड्यात तशीच राहतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे रूपांतर करतात तेव्हाच ती आतड्याला चालना देतात. म्हणून रात्री घेतलेल्या सोनामुखीचा गुण सहा ते बारा तासांनी, सकाळी येतो. तिने पोटात मुरडा येतो, आणि तो कमी करण्यासाठी अरबी वैद्य तिच्याबरोबर गुलाबाच्या पाकळ्या किंवा बडीशेपेच्या जातीची वायुहारक बियाणी देत. सोनामुखी आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

घराघरांत चालणारे उपचार ग्रंथांइतके काटेकोर नसतात, पण ते जास्त टिकाऊ असतात. जॉर्डन आणि पॅलेस्टाईनमध्ये पोट दुखू लागले की चहात मरमिया, म्हणजे सेजची पाने, टाकतात. आखाती देशांत बाळंतिणीला हुल्बा आणि रशाद देतात. हुल्बा म्हणजे मेथी आणि रशाद म्हणजे आपले हळीव. बाळंतपणानंतर अंगात थंडी शिरू नये, अंग भरून यावे आणि दूध यावे, ही त्यामागची समजूतही कोकणातल्या किंवा देशावरच्या आजीला लगेच पटेल अशीच आहे. फरक एवढाच की आपण त्यांचे गूळ-खोबरे घालून लाडू करतो.

कलौंजीची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर हा काळा दाणा उपाय आहे’ असे प्रेषित मुहंमदांचे वचन बुखारीच्या हदीस-संग्रहात आहे, आणि त्यामुळे कलौंजीला ‘हब्बत अल-बरका’, म्हणजे बरकतीचा दाणा, असे नाव पडले. ग्रीक परंपरेच्या वैद्यकाखेरीज प्रेषितांच्या वचनांवर आधारलेली उपचारांची एक स्वतंत्र धाराही अरबी समाजात आहे, आणि कलौंजी, मध, सना हे तिचे प्रमुख घटक आहेत. जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी हे वचन अक्षरशः घेतले नाही. कलौंजी उष्ण व कोरडी असल्याने ते थंड आणि ओल्या विकारांपुरते लागू आहे, असा अर्थ त्यांनी लावला. कलौंजीच्या तेलातील थायमोक्विनोन या द्रव्यावर आज पुष्कळ संशोधन चालते, आणि काही लहान चाचण्यांत रक्तातील साखर व चरबी थोडी उतरल्याचे दिसले आहे. बाटलीवर छापलेल्या लांबलचक यादीला मात्र तेवढा आधार पुरत नाही.

ओमानच्या धोफार प्रांतातील लुबान, म्हणजे बोस्वेलिया सॅक्रा या झाडाचा ऊद, हाही घरगुती औषध आहे. मन्कफ नावाच्या बोथट पात्याने खोडाची साल तासतात. पहिल्यांदा पाझरलेला चीक टाकून देतात, आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा त्याच जागी तासल्यावर येणारे थेंब वाळवून गोळा करतात. सर्वांत उत्तम, हिरवट-पांढरे खडे होजरी म्हणून विकले जातात. त्यांतील काही खडे रात्रभर पाण्यात भिजवून ते दुधाळ पाणी सकाळी पितात. या झाडाचा भारतीय भाऊबंद म्हणजे आपला सालई, जो सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या शुष्क जंगलांत उभा असतो. गुडघ्यांच्या संधिवातावर सालईच्या अर्काच्या काही चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. पण येथे बारकाईने पाहावे लागते. ज्या बोस्वेलिक आम्लांना दाहशामक मानतात ती राळेत असतात आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. पाण्यात उतरतो तो मुख्यतः डिंकाचा भाग. म्हणजे धोफारमधले लुबानचे पाणी आणि औषधाच्या दुकानातली सालईची गोळी यांत वेगवेगळी द्रव्ये पोटात जातात, आणि एकाच्या चाचणीवरून दुसऱ्याचा गुण सांगता येत नाही.

अरबी वनौषधींतून आधुनिक औषधे कशी निघाली, याची दोन उदाहरणे मला सर्वांत मोलाची वाटतात, आणि दोन्ही कोथिंबिरीच्या कुळातील, छत्रीसारखी पांढरी फुले येणाऱ्या बहिणींची आहेत.

पहिली आहे आत्रीलाल. इब्न अल-बैतारच्या कोशात ‘अलिफ’खाली तिची नोंद आहे. अंगावरच्या पांढऱ्या डागांवर, म्हणजे कोडावर, उत्तर आफ्रिकेतील एक बर्बर टोळी या वनस्पतीचे बी वापरत असे आणि ते गुपित वडिलांकडून मुलाकडे जाई. बियांची पूड अक्कलकाऱ्याच्या थोड्या पुडीबरोबर मधात कालवून द्यायची आणि रुग्णाला डाग उघडे ठेवून कडक उन्हात तास-दोन तास, घाम येईपर्यंत, बसवायचे. मग डागांवर फोड येतात, ते फुटून बरे होतात, आणि कातडीला हळूहळू तिचा रंग येतो. येथे औषध आणि ऊन यांपैकी एकही एकट्याने पुरे पडत नाही, हे या उपचाराचे वैशिष्ट्य आहे. १९४० च्या दशकात कैरोमध्ये या बियांवर काम सुरू झाले. इब्राहीम फहमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली, आणि त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी त्यांचा कोडाच्या रुग्णांवरील उपयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य द्रव्य म्हणजे मेथॉक्सिसोरालेन. ते एरवी स्वस्थ असते. उन्हातील अतिनील किरण पडले की पेशींतील डीएनएला जाऊन चिकटते. कातडीत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी त्यामुळे चाळवल्या जातात, आणि मात्रा जास्त झाली की भाजल्यासारखे फोड येतात. १९७४ मध्ये हेच औषध अतिनील दिव्याबरोबर सोरायसिसवर वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘पुवा’ नावाने तो उपचार जगभर पसरला. दीर्घकाळ घेतल्यास त्याने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून आता त्याची जागा बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रकारच्या किरणोपचाराने घेतली आहे. आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे कोडावर, बावची देण्याची परंपरा आहे, आणि बावचीतही सोरालेनच असते.

दुसरी बहीण खेल्ला. तिच्या फुलोऱ्याच्या वाळलेल्या काड्या इजिप्तमध्ये दात कोरायला वापरतात आणि बियांचा काढा मूतखड्यावर पितात. कैरोत शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे ग्लेब अनरेप यांच्या प्रयोगशाळेतील एका मदतनिसाला हृदयशूळ होता. मूतखड्यासाठी तो खेल्ला घेऊ लागला आणि त्याची छातीची कळही थांबली. अनरेप यांनी त्याचा पाठपुरावा केला तेव्हा खेल्लातील खेलीन हे द्रव्य रक्तवाहिन्यांचे आणि मूत्रनलिकेचे स्नायू सैल करते असे दिसले. मूतखडा आणि हृदयशूळ या दोहोंवर एकच काढा का लागू पडावा याचा खुलासा त्यात आहे. खेलीनने मळमळ फार होई, त्यामुळे ते औषध म्हणून टिकले नाही, पण रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार करत राहून दोन मोठी औषधे मिळवली. हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणारे अमियोडॅरोन १९६१ मध्ये बेल्जियममध्ये तयार झाले. दम्यावरचे क्रोमोग्लायकेट इंग्लंडमध्ये रॉजर अल्टुन्यान यांनी शोधले; स्वतः दमेकरी असलेल्या या डॉक्टरांनी गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून स्वतःवर दमा ओढवून घेतला आणि एकामागून एक संयुगे आपल्याच फुप्फुसांवर पारखून पाहिली. अल्टुन्यान यांचा जन्म सीरियातील अलेप्पोचा होता.

आता दुसरी बाजू. सुरंजानचा कंद अरबी वैद्य सांधेदुखीवर, विशेषतः वातरक्तावर, म्हणजे गाउटवर, देत. त्यातील कोल्चिसिन १८२० मध्ये वेगळे काढले गेले आणि वातरक्तावर ते आजही दिले जाते. पण गुणकारी आणि विषारी मात्रेतील अंतर इतके थोडे आहे की कंदाची अंदाजे पूड घेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. वाळवंटात जमिनीवर पसरणारे हंझल, म्हणजे कडू इंद्रावण, जालीम रेचक आहे, आणि त्याने आतड्यातून रक्तस्राव झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. रमजानमध्ये कैरो आणि दमास्कसच्या रस्त्यांवर विकले जाणारे इर्कसूस, म्हणजे ज्येष्ठमधाचे थंड पेय, याहून कितीतरी सौम्य. तरीही रोज भरपूर घेतले तर त्यातील ग्लिसराइझिनमुळे रक्तातील पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ज्येष्ठमध जपूनच घ्यावे.

या सगळ्यांत झरावंदचे प्रकरण विचार करायला लावते. ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील ही मुळी ग्रीकांपासून अरबांपर्यंत आणि पुढे युनानी हकिमांपर्यंत प्रसूतीत आणि विषबाधेत दिली जात असे. आपल्याकडची सापसन हीही त्याच प्रजातीची. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे कायमची निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो, हे विसाव्या शतकाच्या शेवटी पक्के झाले. हजार-दीड हजार वर्षे अनुभवी वैद्यांच्या हे ध्यानात का आले नाही? इब्न सिनाचा पाचवा नियम परिणामाच्या वेळेकडे लक्ष द्यायला सांगतो, पण त्याच्या डोळ्यांपुढे तास आणि दिवस होते. मुळी घेतल्यावर कर्करोग उमटायला अनेक वर्षे लागतात, तोवर रुग्ण वैद्य बदलतो, गाव बदलतो, आणि ती मुळी कुणाच्या स्मरणातही नसते. ‘हजारो वर्षे वापरात आहे, म्हणून निर्धोक आहे’ हा युक्तिवाद ताबडतोब उमटणाऱ्या अपायांपुरता बऱ्यापैकी खरा आहे. हळूहळू उमटणाऱ्या अपायांबाबत तो अजिबात लागू पडत नाही, कारण ते पकडायला हजारो रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात, आणि अशा नोंदी ठेवण्याची सोय बगदादपाशी नव्हती आणि कोर्दोबापाशीही नव्हती.

आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानात कलौंजीचे तेल, लुबानचे खडे, सना मक्कीची पाने हमखास असतात. त्यांपैकी काही घ्यायचे असेल तर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि तिचा कोणता भाग वापरला आहे हे पुडीवर लिहिलेले असावे, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना ती पुडी दाखवावी. मेथी आणि कलौंजी साखर आणखी उतरवू शकतात. सना सलग दोन आठवड्यांहून अधिक घेऊ नये. आणि पुडीवर झरावंद किंवा ॲरिस्टोलोकिया असे लिहिलेले दिसले, तर ती कितीही थोड्या मात्रेत सांगितलेली असो, घेऊ नये. अनेक देशांनी तिच्या विक्रीवर बंदी घातलेली आहे.